जुळवलेली तलवार

माणसाने मूर्खपणा करावा, पण निदान माणसांच्या बाबतीत करावा. मी एका तलवारीबद्दल खोटं बोलले, आणि तेही तिच्या मालकाच्या तोंडावर. मालक खोलीत आहे हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण न तपासता बोलायचं नाही, हाच तर माझा धंदा.

मी जुन्या लष्करी तलवारी तपासते. त्यातही जपानी. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे जरा दयेने बघतात. नवरा म्हणतो, "काळजी नको. आमच्या घरात भाजीची सुरी टोमॅटोसुद्धा कापत नाही." ते खरंच आहे.

महायुद्धात जपानी अधिकाऱ्यांच्या कमरेला या तलवारी असायच्या. लढाई संपली, त्यांनी हत्यारं खाली ठेवली, तलवारींचे ढीग लागले. आपल्या शिपायांपैकी ज्याच्या हाताला जी लागली ती तो घरी घेऊन गेला. आता त्यांची पोरंबाळं माळे साफ करतात आणि मला फोन करतात. निम्म्याहून जास्त नकली निघतात, आणि नकली म्हटलं की लोक असा चेहरा करतात की मीच त्यांच्या वडिलांना खोटारडा म्हटलंय.

सगळ्यांना वाटतं मी धार बघते. धार मी शेवटी बघते. आधी मुठीतली बांबूची छोटी खुंटी काढते, मूठ उतरवते आणि मुठीच्या आत लपलेलं पात्याचं शेपूट बघते. त्याच्यावरचा गंज कधी कोणी पुसत नाही. पुसायचाच नसतो, तो पात्याचा जन्मदाखला. जुना गंज काळसर, मुरलेला. नकली गंज केशरी आणि घाईघाईत थापलेला, लग्नाला उशीर झालेल्या बाईच्या पावडरीसारखा.

मग परज. म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधला फुलाफुलांचा गोल पत्रा, हात वाचवायला असतो तो. त्याच्या दोन्ही अंगांना पितळेच्या पातळ चकत्या बसवतात, मूठ हलू नये म्हणून. कारखान्यात परजेवर आणि प्रत्येक चकतीवर एकच नंबर ठोकायचे. सगळे नंबर जुळले तर समजायचं, तलवार जन्मापासून एकत्र आहे. नाही जुळले तर कुठेतरी एक संसार मोडलाय आणि त्याच भांड्यांत दुसरा मांडलाय.

एवढं सांगितलं की पुढचं सगळं कळेल. न कळलेलं मलाही कळलेलं नाही.

फोन केला होता एका निवृत्त नर्सबाईंनी. मी त्यांना सिस्टरच म्हणत होते, बहुतेक सगळेच म्हणत असावेत. त्यांच्या थोरल्या भावाकडे वडिलांनी लढाईवरून आणलेली तलवार होती आणि भाऊ ती घराबाहेर न्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, येते. दुपारची वेळ, लख्ख ऊन, खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. भुतंखेतं असायला काही सोय नव्हती.

सिस्टर मला जिन्यातच भेटल्या. मुद्दाम उतरून आल्या होत्या.

"तुम्हाला काय बघायचं ते बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण दादाला सांगताना नकली आहे म्हणून सांगा."

"आणि खरी असली तर?"

"तर जरा जास्त जोरात सांगा."

मग त्यांनी जिन्यातच सगळं सांगितलं. दादाच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, डॉक्टर म्हणत होते आता थांबण्यात अर्थ नाही. पण दादा हलायला तयार नव्हता. वडील जाताना त्याला सांगून गेले होते, ही ज्याची आहे तो येईल, त्याला देऊन टाक. आणि दादाचं म्हणणं, तो यायला लागलाय. ज्याची वस्तू त्याला दिल्याशिवाय मी हॉस्पिटलात गेलो आणि परत आलोच नाही, तर दार कोण उघडणार त्याला?

"नकली म्हटलं की प्रश्नच मिटला," सिस्टर म्हणाल्या. "नकली तलवारीला कोण कशाला येईल?"

"तुम्ही पाहिलंय का कोणाला?"

"मी उभा जन्म वॉर्डात काढलाय. जे दिसतं त्याची नोंद करते. जे दिसत नाही त्याची करत नाही."

दादा शिंपी होते. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कापड कापायचं टेबल, कोपऱ्यात मशीन, खडूच्या भुकटीचा आणि इस्त्रीचा वास. माणूस वाळलेला, ओठ निळसर, दोन वाक्यांमध्ये दम घेत होता. पण नजर कात्रीसारखी.

"बाही तोकडी आहे तुमची," मला बघून पहिलं वाक्य. "कोणी शिवला हा ड्रेस?"

"तयार घेतला, काका."

"दिसतंय."

तलवार टेबलावर होती. तपकिरी रंगाचं लोखंडी म्यान, मुठीला गुंडाळलेली फीत मळून काळी पडलेली. मी खुर्ची ओढली, हातमोजे घातले, आणि मग मला वास आला. लवंगेच्या तेलाचा. जपानी लोक पात्याला हे तेल पुसटसं लावतात, त्यामुळे मला तो वास ओळखीचा आहे. पण तलवार अजून म्यानात होती.

"काका, तेल कुठलं लावता हिला?"

"मशीनचं. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

मी खुंटी ढिली करत होते तेव्हा तेच बोलू लागले. "संध्याकाळी येतो. दिवे लावायच्या वेळी. छाती अडतीस. उजवा खांदा थोडा उतरलेला. डाव्या कमरेपाशी कोटाचं कापड झिजलंय, काहीतरी जड लटकवून लटकवून."

"चेहरा कसा आहे?"

"शिंपी चेहरा बघत नाही, ताई. चेहऱ्याचं माप घेत नाहीत." त्यांनी दम घेतला. "इथे टेबलाशी उभा राहतो. वाकून बघतो. हात पुढे करतो... आणि मुठीपाशी आला की मागे घेतो. अंधारात परक्या माणसाचा हात लागल्यावर आपण घेऊ ना, तसा. त्याला खात्री पटत नाही ही त्याचीच आहे म्हणून. उचलतही नाही आणि जातही नाही. म्हणून म्हटलं, जाणकार माणूस बोलवावा."

"म्हणजे मला तुम्ही त्याच्यासाठी बोलावलंय?"

"चहा मी पाजेन."

मूठ उतरवायची एक रीत आहे. तलवार डाव्या हातात उभी तिरकी धरायची आणि उजव्या मुठीने आपल्याच डाव्या मनगटावर बुक्की मारायची. धक्क्याने पातं हळूहळू वर सरकतं. जुन्या तलवारीला दहा-बारा बुक्क्या लागतात, मनगट दुसऱ्या दिवशी दुखतं. ही पहिल्याच बुक्कीला सुटली. सुटली म्हणजे काय, मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं तिच्यातून अंग आक्रसून बाहेर आलं.

शेपटावरचा गंज काळा, मुरलेला, जसा असायला हवा तसा. छिन्नीने कोरलेली लोहाराची सही. आणि पात्यावर पाण्याच्या लाटेसारखी ती पुसट रेघ, जी ॲसिडने उमटवता येत नाही, भट्टीतूनच यावी लागते. माझ्या हाताला खरं लोखंड लागलं की मला आत कुठेतरी कळतं, तसं कळलं. पातं खरं होतं. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत असं दुसरं आलं नव्हतं.

मग मी चकत्या ओळीत मांडल्या. एकीचा नंबर दुसरीला नाही. परजेचा नंबर कुठल्याच चकतीला नाही. मुठीतलं खुंटीचं भोक पात्यातल्या भोकाशी जुळत नव्हतं, कोणीतरी खुंटी तासून तिरकी घुसवली होती. मूठ एका तलवारीची, परज दुसऱ्या तलवारीची, चकत्या आणखी कुठकुठच्या. ढिगातून सुटे भाग उचलून वडिलांनी, किंवा त्यांच्या आधी कोणीतरी, एक अख्खी तलवार उभी केली होती. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. अशा तलवारीला आम्ही नकली म्हणत नाही, जुळवलेली म्हणतो.

आणि त्याच क्षणी माझ्या मानेवर काटा आला. कारण एखादा माणूस स्वतःची तलवार शोधत आला असेल, तर त्याला काय ओळखू येईल? पातं म्यानात. वर दिसते ती फक्त मूठ. आणि मूठ त्याची नव्हतीच.

सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. काकांचा श्वास वाजत होता. मी त्या निळसर ओठांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, एवढ्यासाठी माणूस मरायला नको. सगळे भाग होते तसे परत बसवले, तलवार म्यानात घातली, टेबलावर ठेवली.

"नकली आहे, काका. सगळीच्या सगळी."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत, गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीने ते म्हणाले, "ऐकलंत ना?"

आणि टेबलावर, कोणाचा हात नसताना, ती तलवार वाजली. मुठीजवळच्या ढिल्या चकत्या, खुळखुळ... खुळखुळ... आणि थांबल्या.

"खालून बस गेली वाटतं," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला तो नवीन वाटला.

"या गल्लीत बस येत नाही," सिस्टर म्हणाल्या.

तरी काम झालं. काका हॉस्पिटलात जायला तयार झाले. फक्त म्हणाले, ही आता इथे नको, तुम्हीच घेऊन जा. सिस्टरनी माझ्या आधीच हो म्हटलं. सुटाच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून मी ती बसने घरी आणली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पडद्याची दांडी का?" मी म्हटलं, हो. त्या दिवशी माझं खोटं फार सुरळीत चाललं होतं.

घरी माझ्या कामाच्या खोलीत मी तिचे भाग पुन्हा सुटे केले. पातं पांढऱ्या कापडावर एकटंच ठेवलं. मूठ, परज, चकत्या बाजूच्या फळीवर. का केलं ते सांगता येत नाही. ती मूठ त्या पात्यावर बघवेना, एवढंच.

सिस्टरचा फोन आला तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी. या बाई आवाज चढवत नाहीत आणि पाडतही नाहीत, पण त्या दिवशी आवाज कापत होता.

"दादा ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीये. म्हणतो, तो वॉर्डात आलाय."

भेटायच्या वेळेला मी पोचले. वॉर्डात फिनेल, उकळलेल्या चादरी, कोणाच्या तरी सोललेल्या मोसंब्याचा वास. काकांच्या खाटेशी गेले, आणि त्या सगळ्यांच्या खालून हळूच लवंग आली.

"नाड्या पाठीमागे कोणी शिवतं का?" काका हॉस्पिटलचा सदरा ओढत म्हणाले. "शिवणाऱ्याला घरी बसवा." मग त्यांना दम लागला. ओठ आता निळसर नव्हते, निळे होते.

"काका, सही करा ना."

त्यांनी हनुवटीने खाटेच्या पायथ्याकडे दाखवलं. तिथे कोणी नव्हतं. पायथ्याच्या दांडीला अडकवलेला तपासणीचा तक्ता होता, तो हलत होता. पंखा बंद होता.

"आता दोन्ही खांदे पडलेत त्याचे," काका कुजबुजले. "एवढा जन्म शोधत आला, ताई. आणि आपण त्याला सांगितलं, नकली. घरी परत जायला काहीतरी हातात लागतं माणसाला... त्याला असा उभा ठेवून मी भूल घेऊन झोपू?"

सिस्टर सलाइनच्या नळीकडे बघत होत्या. नळी व्यवस्थित होती. तरी बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सांगून टाका. जे असेल ते."

भर वॉर्डात, शेजारच्या खाटेवरचा माणूस मोसंबं खाताना थांबून बघत असताना, मी एका लोखंडी दांडीला उद्देशून बोलले. माझ्या वयाच्या बाईला हे शोभत नाही, मला कळतंय.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "पातं खरं आहे. सही आहे, गंज आहे, सगळं जागेवर आहे. मूठ तुमची नाही. परज तुमची नाही. कोणीतरी दुसऱ्यांची चढवलीय. म्हणून तुमच्या हाताला ओळखू आली नाही. पातं तुमचंच असणार... बहुतेक."

तो 'बहुतेक' सवयीने आला. आम्ही जाणकार लोक मेल्यावरही बहुतेकच मेलो म्हणू.

तक्ता हलायचा थांबला. हळूहळू नाही. कोणीतरी बोट लावून थांबवावा तसा.

काका कान देऊन ऐकत होते. "विचारतोय, पातं आता कुठे आहे?"

"माझ्याकडे. घरी."

"पत्ता सांगा."

आणि मी सांगितला. नुसता नाही, खुणांसकट. औषधाच्या दुकानावरून डावीकडे, दुसरा मजला, बेल बिघडलीय, दार वाजवा. बोलून झाल्यावर मला कळलं मी काय केलं. सिस्टरलाही कळलं, कारण त्यांनी तोंडावर हात नेला. काकांनी मात्र पेन मागितलं आणि सही केली. सुबक, टाका घातल्यासारखी.

मी घरी पोचले तेव्हा उजेड नुकताच उतरत होता. सासूबाई बाहेरच्या खोलीत खिडकीशी भिंग घेऊन शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूचा आणि दुसरा संशयाचा.

"आई, कोणी आलं होतं?"

"आलं होतं. बेल वाजली."

"आपली बेल बंद आहे."

"वाजली म्हटलं ना. एक माणूस होता. कमरेत वाकून नमस्कार केला. बूट बाहेर काढून आत आला. तुझ्या भाच्यांना दाखवायला हवा होता."

"तुम्ही आत घेतलंत?"

"तुझं नाव घेतलं नाही, पण खोली बरोबर ठाऊक होती. म्हटलं, तुझंच गिऱ्हाईक. आत गेला, काहीतरी लांबट घेऊन बाहेर आला. जाताना परत वाकला." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "रडत होता की काय कोण जाणे. मला एवढं दिसत नाही."

मी कामाच्या खोलीत गेले. पांढरं कापड जिथल्या तिथे, एक सुरकुती नाही. त्याच्यावर पात्याच्या लांबीची एक काळी बारीक रेघ, गंजाच्या भुकटीची. पातं नव्हतं. खिडकीला जाळी आहे, दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी खाली बसले. खूप वेळ बसले असेन, कारण नवऱ्याने येऊन दिवा लावला आणि म्हणाला, "अंधारात काय बसलीयस भुतासारखी?" मी त्याला काही सांगितलं नाही. ज्याची वस्तू त्याला गेली, यात सांगण्यासारखं काय होतं?

ऑपरेशन नीट झालं. सिस्टरचा फोन आला. "शुद्धीवर आला. पहिलं काय बोलला असेल? म्हणे, जाताना त्याचा कोट डाव्या बाजूला नीट बसला होता." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी याची नोंद करणार नाहीये." पण आवाजात हसू होतं. आपल्या भावाचा जीव वाचला की माणूस कशाकशाला हसू शकतो. मीही हसले. इतकी हलकी झाले होते की बाजारात जाऊन नवी सुरी घेऊन आले, भाजीची.

परत आले तर दिवे लावायची वेळ झाली होती. दारातच लवंगेचा वास आला. त्या दिवशीपेक्षा दाट होता, आणि त्यात ओल्या लोकरीचा, चिखलाचा, जुन्या चामड्याचा. बाहेरच्या खोलीत दिवा नव्हता. सासूबाई आपल्या जागी, मांडीवर शब्दकोडं.

"आज दुसरा आलाय," त्या म्हणाल्या. "मुठीबद्दल विचारतोय."

सुरीची पिशवी माझ्या हातातून खाली ठेवली गेली. कामाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत फळीवर चकत्या वाजत होत्या, खुळखुळ... सगळ्या एकदम नाही. आधी एक. मग दुसरी. कोणीतरी एकेक उचलून नंबर बघावा आणि पुढच्याकडे द्यावी तशा.

"आई..." मी उंबऱ्यातूनच विचारलं. "आत... किती जण आहेत?"

सासूबाईंनी कोड्यातून मान वर केली नाही.

"मोजले नाहीत. शेजारून खुर्च्या आण."